अकरा अंश पाणी

माझी मावशी सव्वीस वर्षं डोंगरातल्या एका तळ्यावर पाण्याचं तापमान मोजते आहे. हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे नेमकं काय काम करते? तर हेच. रोज सकाळी सात वाजता ती लाकडी धक्क्याच्या टोकाशी उकिडवी बसते आणि पितळी नळीतला थर्मामीटर दोरीने पाण्यात सोडते. दोरीला दर मीटरवर गाठ आहे. आधी वरच्यावर, मग एक गाठ, मग तीन. प्रत्येक ठिकाणी तीन मिनिटं थांबायचं, आकडा वहीत टिपायचा आणि काठावरच्या काळ्या फळ्यावर खडूने हातभर मोठा काढायचा. उरलेला दिवस पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं. मावशी म्हणते, पोहणाऱ्यांचं एक वेळ जमतं, फळा न वाचणाऱ्यांचं काय करायचं?

कारण लोक फळ्याला टेकून उभे राहतात आणि तिलाच विचारतात, पाणी गार आहे का हो. काहींनी तर फळ्यावर टॉवेल वाळत घातलेत. पर्यटन खात्याच्या साहेबांनी एकदा सुचवलं, की फळ्यावर आकड्याखाली लिहिलेला 'धोका' हा शब्द जरा भीतीदायक वाटतो, त्याऐवजी 'ताजंतवानं' लिहिता येईल का. मावशीने दुसऱ्या दिवशी धोक्याच्या खाली दोन रेघा ओढल्या.

तिचा खरा वैताग मे महिन्यावर. एप्रिलमध्ये पाणी सहा अंश असतं, तेव्हा कोणी फिरकत नाही. ऑगस्टमध्ये एकोणीस-वीस होतं, तेव्हा कुणीही पोहावं. पण मे महिन्यात ऊन कडक पडतं, माणसं अर्ध्या बाह्यांत येतात आणि वरचा बर्फ तर नुकता कुठे वितळून तळ्यात उतरत असतो. हवा तीस, पाणी अकरा. वरचा वीतभर थर उन्हाने कोमट होतो, त्यात हात घालून लोक म्हणतात, छान आहे की. त्याच्या खाली काय आहे ते मावशीच्या दोरीला माहीत.

हे सगळं तिने घरच्यांनाही इतक्यांदा सांगितलंय, की तिचे यजमान, आमचे काका, शिवणाच्या मशीनवर मान खाली घालून तिची वाक्यं तिच्याआधी पुरी करतात. ते शिंपी आहेत, आणि पाण्यात ते घोट्याच्या वर कधी गेले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी, अशाच मे महिन्यात, मावशीची लेक, माझी मावसबहीण, नवऱ्याला घेऊन आली. लग्नाला चारच महिने झाले होते. हे जावई शहरातल्या तरणतलावावर प्रशिक्षक. उंचनिंच, खांदे दारात मावेनात, कपाटभर पदकं. माणूस वाईट नाही, पण पाण्याचा विषय निघाला की समोरच्याला शिकवायला लागतो. जेवताना मावशीने अकरा अंशांचं काढलं, तर ते हसून म्हणाले, की एकदा पाण्यात पडलं की दोन मिनिटांत अंग गरम होतं. मावशीने ताटाकडे बघितलं. नव्या जावयाला किती बोलायचं, हा प्रश्न तिला आयुष्यात पहिल्यांदाच पडला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे तळ्यावर गेले. मीही होते. धक्क्यावर वीसेक माणसं होती. मावशी धक्क्याजवळच्या तिच्या कामाच्या खोलीच्या दाराशी बसून कुणा बाईला सांगत होती, की लहान मुलांना गुडघ्याच्या पुढे सोडू नका. तेवढ्यात जावयांनी शर्ट काढून बायकोच्या हातात दिला आणि आम्ही काही म्हणायच्या आत धावत जाऊन सूर मारला. सूर देखणा होता. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

ते वर आले तेव्हा त्यांचं तोंड उघडं होतं. ते ओरडत नव्हते. नुसते हपापल्यासारखे श्वास ओढत होते, एकावर एक, सोडायला वेळच नाही. हात पाणी कापायच्या ऐवजी पाण्यावर आपटत होते. ते धक्क्यापासून फार तर दहा हात लांब असतील. टाळ्या अजून चालूच होत्या. माझ्या बहिणीला वाटलं, हे गंमत करताहेत.

मावशी उठली. धावली नाही, पण पन्नाशी उलटलेली बाई इतक्या झपाट्याने चालताना मी पाहिली नव्हती. जाताजाता खुंटीवरचं तरंगतं कडं तिने दोरीसकट उचललं, धक्क्याच्या टोकाला उभी राहिली आणि शाळेतल्या बाईंसारख्या खणखणीत आवाजात म्हणाली,

"जावईबापू, पोहू नका. उताणे व्हा. कान पाण्यात जाऊ देत, आभाळाकडे बघा."

अशा वेळीही तिचं 'अहो-जाहो' सुटलं नाही, हे आम्हाला नंतर आठवून हसू आलं. तेव्हा नाही आलं.

त्यांनी ऐकलं. पदकांच्या माणसाने हात पसरले आणि तो लाकडाच्या ओंडक्यासारखा उताणा पडून राहिला. मावशीने कडं बरोबर त्यांच्या छातीवर टाकलं, पण लगेच ओढलं नाही. आधी श्वास, असं म्हणत ती थांबली. मिनिटभराने त्यांच्या छातीचा भाता जरा मंदावला, त्यांनी कड्यात हात अडकवला, तेव्हा आम्ही तिघींनी मिळून दोर ओढला.

वर घेतल्यावर माझी बहीण त्यांचे हातपाय चोळायला लागली. मावशीने तिला मागे सारलं, चोळायचं नाही म्हणून सांगितलं, ओले कपडे काढून दोन घोंगड्या गुंडाळल्या आणि त्यांना आडवं केलं. ओठ निळे पडले होते. पंधरा मिनिटांनी कप धरता यायला लागला तेव्हा गोड चहा दिला. एवढं झाल्यावर जावई पहिलं वाक्य बोलले, ते असं, की बहुतेक पायात गोळा आला.

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "गोळा पायात नव्हता. अचानक गार पाणी लागलं की शरीर आपणहून श्वास ओढतं, तुमचं ऐकत नाही. तुम्ही वर यायच्या आधीच तो श्वास ओढला गेला असता तर आत्ता हा चहा मी कुणाला देत होते?"

जावयांनी चहा संपवला. माझी बहीण शर्ट घट्ट धरून रडत होती. आणि तेवढ्यात, माझी शपथ, मागून एक गृहस्थ आले आणि मावशीला विचारायला लागले, की होडी मिळते का. मावशी खोलीत गेली आणि दार लावून पाच मिनिटं आत बसली. इतक्या वर्षांत तिने दिवसा दार लावल्याचं मला दुसरं उदाहरण माहीत नाही.

रात्री जेवताना पाण्याचा विषय कोणी काढला नाही. जावई आभार मानतील असं काकांना वाटत होतं, पण तेही झालं नाही.

मात्र ऑगस्टमध्ये ते पुन्हा आले. एकोणीस अंश होते. धक्क्यावर माणसं गच्च, आणि त्या सगळ्यांसमोर ते हात मागे बांधून मावशीपुढे उभे राहिले.

"आई, आज उतरू का?"

मावशीने सकाळीच मोजलं होतं. तरी तिने दोरी सोडली, तीन गाठींपर्यंत, पूर्ण तीन मिनिटं थांबली, आणि मग म्हणाली, की काठाकाठाने चला, मीही येते. दोघं शिडीने उतरले, आधी मान आणि तोंड भिजवलं, मग किनाऱ्याला धरून पार वळणाच्या खडकापर्यंत जाऊन आले.

त्या संध्याकाळी मावशीने माझ्या आईला फोन केला आणि अर्धा तास थांबली नाही. तक्रार अशी होती, की जावई जाताना आणि येताना सारखे एकच सांगत होते: आई, कोपर वर ठेवा, तुमचा हात चुकतोय.