मामांच्या जपानी चकत्या

लोखंडावर इतकं निःस्वार्थ प्रेम करणारा माणूस माझ्या मामेसासऱ्यांखेरीज जगात दुसरा झाला नसेल, आणि झाला असलाच तर तो उरणात राहिला नसेल. उरण हे मिठागरांचं गाव. तिथल्या वाऱ्यातच मीठ. आज दाराला लावलेली कडी पुढच्या दिवाळीला हातात येते, बिजागऱ्या कुरकुरत कुरकुरत एक दिवस दार सोडून देतात आणि खिळ्यांच्या जागी नुसती तांबडी भोकं उरतात. शहाणी माणसं तिथे तांब्या-पितळेवर भागवतात. माझ्या बायकोच्या या मामांनी मात्र उभा जन्म मीठ खात्यात कारकुनी केली, पेन्शन घेतली आणि नेमकं लोखंडच जमवायला घेतलं. तेही इथलं नव्हे, जपानातलं.

जपानी तलवारीत मूठ आणि पातं यांच्यामध्ये, हात घसरून पात्यावर जाऊ नये म्हणून, पुरीएवढी एक चकती बसवलेली असते. मधोमध पातं जाण्यापुरती चीर, आणि भोवती कारागिराच्या मनाला येईल ते कोरलेलं: कुठे बगळा, कुठे बांबूचं बेट, कुठे नुसत्या लाटा. तिकडे तिला त्सुबा म्हणतात. त्या देशात तलवार लावून हिंडायला बंदी झाली तेव्हा या चकत्या मुठींतून सुटल्या आणि जुन्या बाजारात येऊन पडल्या, असं मामा सांगत. मामांकडे अशा त्रेचाळीस होत्या. तलवार एकही नव्हती. तलवारीचं राहू द्या, विळीवर कुणाचं बोट कापलेलं दिसलं तरी मामांना घेरी येई, आणि घरचा फणस फोडायला शेजाऱ्याला हाक मारावी लागे. मी जावई म्हणून पहिल्यांदा गेलो तेव्हा चहाच्याही आधी माझ्या हातात एक चकती ठेवून त्यांनी विचारलं होतं, "जावईबापू, ह्या कारागिराच्या गावाला समुद्र असेल का हो?" मी गोंधळून "असेल" म्हटलं. "मलाही तसंच वाटतं," म्हणाले, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्या मर्जीतला झालो.

हा माल त्यांना पुरवी गावातलाच एक मुसलमान सारंग. तो कोबे-योकोहामाच्या बोटींवर खलाशांचा मुकादम होता आणि वर्षा-दीड वर्षाने घरी येई. पहिली चकती त्याने गंमत म्हणून आणली. मग मामांनी त्याच्याशी करारच केला: त्याने चकत्या आणायच्या आणि मामांनी त्याच्या बायकोची पत्रं लिहायची, आलेली वाचून दाखवायची. पण मामांच्या हातात लेखणी असली की खालची कोरी जागा त्यांना बघवत नसे. मुलाला खोकला झाला, छपराची कौलं शाकारली, एवढं बाईचं सांगून झालं की मामा खाली लिहीत, "या खेपेस बगळा नको. लाट मिळाल्यास पाहावी," आणि सोबत लाटेचं चित्र काढीत. सारंगाचं उत्तर आलं की बायकोला दोन ओळी आणि चकत्यांवर दीड पान. एकदा ती माउली दारात येऊन कडाडली, "मामासाब, मेरा मरद हाय का तुमचा? त्याला सांगा, घरवाली बी जिंदी हाय म्हणून!" मामांनी ओशाळून ते वाक्यही पुढच्या पत्रात जसंच्या तसं घातलं.

चळवळीचे दिवस होते, मिठावरून सरकार आधीच चिडलेलं, त्यात कुणीतरी कळ लावली की पेन्शनर कारकुनाच्या घरी शस्त्रं आहेत. फौजदार दोन शिपाई घेऊन आले. मामांनी आनंदाने सगळ्या चकत्या सतरंजीवर मांडल्या. इतकं मन लावून बघायला आलेला पाहुणा त्यांना तोवर मिळालाच नव्हता. फौजदारांनी त्या मोजल्या आणि दरडावून विचारलं, "त्रेचाळीस चकत्या आहेत, तर त्रेचाळीस तलवारी कुठे आहेत?" मामा म्हणाले, "साहेब, गेली सहा वर्षं मला तोच प्रश्न पडलाय." पुढे तासाभराने फौजदार मामांचं भिंग डोळ्याला लावून एका चकतीवरचा बेडूक बघत होते आणि शिपाई ओसरीवर पन्हं पीत होते.

खरं तर मामांना तलवारींशी कर्तव्यच नव्हतं. त्यांना कुतूहल होतं ते करणाऱ्या माणसाचं. एका चकतीवर जाळीजाळीचं काहीतरी कोरलेलं होतं, ते काय असावं याचा उलगडा होईना, तेव्हा मामा ती धोतराच्या सोग्यात बांधून मोऱ्याच्या बंदरावर एका म्हाताऱ्या तांडेलाकडे घेऊन गेले. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि सांगितलं, "मामा, यो तं सुकत घातलेला जाला हाय. तीन काठ्यांवर टांगलाय, बगा. ह्यो करनारा कोलीच आसंल, न्हायतं कोल्यांच्या शेजारी ऱ्हात आसंल." मामा त्या दिवशी जेवले नाहीत. "समुद्र होता! होताच!" असं म्हणत ते माजघरात येरझाऱ्या घालत होते, असं आक्काने मला नंतर तक्रारीच्या सुरात सांगितलं.

आक्का म्हणजे मामांची थोरली बहीण, माझी मावससासू. लहानपणी विधवा होऊन भावाकडे आलेली आणि भावाने लग्न न केल्यामुळे घराची मालकीण झालेली. या चकत्यांना ती "मेल्या तलवारींची बोडकी" म्हणे. तिचा राग अगदीच अकारण नव्हता. चकतीवर तांबडा गंज दिसला की मामा तो सांबरशिंगाच्या टोकाने हळूहळू खरवडून काढीत, कारण जपानी लोक शिंगच वापरतात असं त्यांनी कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं. पण घरात सांबरशिंग होतं एकच, आणि तेच आक्काला गुडघ्यावर लेप देण्यासाठी सहाणेवर उगाळायला लागे. अमावास्या-पुनवेला गुडघे धरले की ती ओरडे, "अरे, माझं औषध त्या बोडक्यांना किती पाजशील?" गंज काढला की मामा मऊ धोतराच्या फडक्याने प्रत्येक चकती पुसत. तेल नाही, पाणी नाही, नुसता हात. त्रेचाळीस पुसून होईपर्यंत पहिलीची पाळी पुन्हा येई.

हे फडक्याचं त्यांना शिकवलं मुंबईच्या एका जपानी कापूस-पेढीतल्या साहेबाने. "आपल्या पेढीत तलवारींची माहिती असलेलं कोणी आहे काय?" असं मामांनी सरळ पेढीच्या पत्त्यावर विचारलं होतं आणि नवल म्हणजे उत्तर आलं होतं. साहेबाच्या आजोबांच्या कमरेला तलवार असे. पुढे तीन वर्षं दोघांचा पत्रव्यवहार चालला. साहेबाने लिहिलं होतं की लोखंडावर चढलेला तो काळा-जांभळा रंग म्हणजे त्याचं वय, त्यावरूनच जुनी चकती ओळखायची, आणि तो एकदा गेला की जाणकारालाही काही सांगता येत नाही. आणि मामांना नेमकं तेच विचारायचं होतं. परदेशी खलाशांना विकायला कोबेत नव्या चकत्याही ओततात, असं कुणीसं त्यांच्या मनात भरवून दिलं होतं. "सारंग फसवायचा नाही, पण सारंगाला कुणी फसवलं असेल तर?" हे ते मला दर भेटीत विचारीत. शेवटी साहेबाने दसऱ्याच्या सुटीत येऊन बघायचं कबूल केलं. मामांना मी इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं.

पाहुण्याला आणायला ते दोन दिवस आधीच मुंबईला आले, गिरगावात आमच्याकडे उतरले आणि दसऱ्याच्या सकाळी आम्ही तिघं लाँचने मोऱ्याला निघालो. साहेब बारीक अंगाचे, फार सभ्य. त्यांनी कोटाच्या खिशात स्वतःचं भिंग आणलं होतं. टांग्यात मामा तोडक्या इंग्रजीत त्यांना जाळ्याची चकती समजावून सांगत होते.

घरात शिरलो तर समोर पाटावर लाल रेशमी कद घातलेलं, त्यावर झेंडूची फुलं, हळद-कुंकू, आणि मधे त्रेचाळीस चकत्या, नव्या रुपयासारख्या पांढऱ्याशुभ्र. आक्का बाजूला पदर सावरून उभी. तिचे हात मनगटापर्यंत काळे, आणि बोटांची टोकं सोललेली. "दोन दिवस घासत होते," ती मला म्हणाली. "चिंच, राख, विटेची पूड. म्हटलं, खंडेनवमीला आपण कोयती-पाराई पुजतो, मग ही तर खरी शस्त्रं. त्यांच्या मुलखाचा माणूस एवढा समुद्र ओलांडून बघायला येतोय, त्याच्यापुढे काळीकुट्ट ठेवायची?" आणि तिने पाटापुढे वाकून चकत्यांना नमस्कार केला.

मी मामांकडे बघितलं. ते उंबऱ्यातच थांबले होते. 

साहेब पाटापुढे बसले. एकेक चकती त्यांनी उचलली, भिंगाखाली धरली, परत ठेवली. सगळ्या त्रेचाळीस पाहिल्या. मग हलक्या आवाजात इंग्रजीत विचारलं, "या कोणी घासल्या?"

आक्काला इंग्रजी कळत नव्हतं, पण आपलं कौतुक चाललंय अशा समजुतीने ती हसत होती.

"मी," मामा म्हणाले. "मीच घासल्या. तुम्ही येणार म्हणून."

साहेबांनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. तीन वर्षं हा माणूस काय समजून पत्रं लिहीत होता, असं काहीसं त्या नजरेत होतं. मग ते सभ्यपणे म्हणाले, जुन्या असतील किंवा नसतील, आता सांगता येणार नाही. आक्काने केलेले करंजी-अनारसे त्यांनी थोडेसे खाल्ले, आपट्याची पानं खिशात ठेवली आणि दुपारच्या लाँचने ते परत गेले. त्यांचं पत्र पुन्हा आलं नाही.

"काय म्हणाला रे तो?" आक्काने विचारलं.

"म्हणाला, इतकी झळाळी त्याने जपानातसुद्धा बघितली नाही," मामांनी सांगितलं.

संध्याकाळी सोनं द्यायला बाहेर पडलो तेव्हा मला राहवलं नाही. मी रागावूनच म्हटलं, "मामा, निदान त्या माणसाला तरी खरं सांगायचं! तो तुम्हाला अडाणी समजून गेला."  मामा म्हणाले, "जावईबापू, तिने आज पहिल्यांदा त्यांना नमस्कार केला हो." आणि मग, "जुन्या असत्या तर बरं झालं असतं, नाही? कळायला हवं होतं."  त्यानंतर हा विषय त्यांनी माझ्याजवळ कधी काढला नाही.

उरणच्या वाऱ्याने चकत्या पावसाळाभरात पुन्हा तांबूस केल्या. पुढच्या खंडेनवमीला मी मुद्दाम गेलो. आक्काने आता दर वर्षी पूजेसाठी त्या घासायच्या असंच ठरवलं होतं. न्हाणीघराच्या दाराशी ती पाटावर बसली होती, आणि मामा शेजारी बसून परातीत चिंच कोळत होते. तिची बोटं सोलू नयेत म्हणून जाड चकत्या ते स्वतः घासायला घेत. आक्का जिवंत होती तोवर हे असंच चाललं.