जेवताना बघू का?

मोबाईलच्या पडद्यावर वृद्धाश्रमातल्या एका आजींचा थरथरणारा हात दिसत होता. अशा हातांना रोजची कामं पुन्हा जमावीत, यासाठीचे उपचार मी मॅडमच्या शेजारी बसून शिकते आहे.

तिकडून सेविका म्हणाली, "मॅडम, आजी जेवताना फार सांडतात हो. आम्हीच भरवलं तर चालेल ना?"

"फोन जरा आजींकडे वळवा," मॅडम म्हणाल्या. "आजी, तुम्हाला जेवताना बघू का? माझ्याजवळ एक विद्यार्थिनीपण आहे."

"बघा. पण तिला सांगा, हसायचं नाही."

आजी वरणभात कालवू लागल्या. एक घास तोंडात गेला, दुसरा मांडीवर. बघू का, असं विचारायचं मला सुचलंच नसतं. आमच्या एका खोलीच्या घरात कोण कधी विचारून आत आलं? फोनलाही दार नसतं. तरी ते आहे असं धरून बाहेर थांबणं, हेही बहुधा उपचारातच येत असावं.

"आजी, यांनी भरवलेलं चालेल?" मॅडमनी विचारलं.

"कशाला? सांडलं तरी पोट भरतं माझं."

"मग भरवू नका," मॅडम सेविकेला म्हणाल्या. "खोलगट ताटली द्या आणि घाई करू नका."

आजींनी पुढचा घास उचलला आणि आमच्याकडे पाहिलं.

"झालं ना बघून? आता बंद करा, जेवू द्या मला."