भरदुपारची भुतं

भुताची गोष्ट वाचायची ती भरदुपारीच, हा अण्णांचा दंडक होता. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे ते दिवस. सोलापूरच्या उन्हात गिऱ्हाईक फिरकेनासं झालं, की त्यांच्या कापडदुकानात आम्ही पाच-सहा जण गादीवर जमायचो आणि अण्णा ग्रंथालयातून आणलेलं मासिक उघडायचे. "रातीला कुणीबी भितंय की. उन्हात काटा आला पायजे अंगावर!"

कपाळावर विभूतीचे पट्टे, घरात कानडी, दुकानात मराठी, आणि गावभर नाव भूतअण्णा. गोष्ट संपली की आम्ही तिची चिरफाड करायचो. मी गिरणीतला कारकून. मला सापळे आणि रक्ताचे सडे फार प्रिय. अण्णा उखडायचे. "भूत पयल्याच पानावर आलं की ते पाव्हणं झालं. पानसुपारी द्या आन् वाटंला लावा!"

मग ग्रंथालयाच्या नव्या चिटणीसांनी ठराव आणला: असल्या भाकड गोष्टींनी तरुणांची मती बिघडते, सबब मासिक बंद करावं. आम्ही म्हटलं, अण्णा, तुम्हीच घरी मागवा की. ते भडकले. "मी एकल्यानं वाचून काय करू? गावानं वाचाय पायजे!" त्या दिवशी ते धड जेवलेही नाहीत.

सभेत त्यांना दहा मिनिटं मिळाली. अण्णांनी भाषण केलंच नाही. नवा अंक काढून वाचायलाच लागले. घरात मूलबाळ नाही, आणि कुलूपबंद खोलीत पाळणा करकरतोय. सून किल्ली घेऊन दाराशी जाते. पाळणा थांबतो. आतून कुणीतरी कडी काढतं...

अण्णांनी अंक मिटला. "माजा वेळ संपला," म्हणून खाली बसले.

चिटणीस खुर्चीच्या टोकाशी आले होते. "अहो, पण आत कोण होतं?"

"आता कुटं कळायचं? मासिक बंद होणार हाय न्हवं?"

सभा खो-खो हसली. ठरावाच्या विरोधात पहिला हात चिटणीसांचाच वर गेला. तोच हात त्यांनी मग अंकासाठी पुढे केला, तर अण्णा म्हणाले, "आमच्या दुकानातल्या मंडळींचं वाचून व्हायचंय अजून. रांगेत ऱ्हावा की!"

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याइतकं मनापासून वाचणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. त्या दिवशी सभेतून निघाल्यावर त्यांनी डोक्याचा रुमाल नीट बांधला आणि बाजारपेठेतून असे छाती काढून चालले, जसं काही गावच जिंकलं होतं. जिंकलंच होतं म्हणा.