मागून उघडलेली वही

चाचा वही मागून उघडायचे. सारी उमर उजवीकडून डावीकडे लिहायची उर्दू शिकवण्यात गेलेली, त्यामुळे हात आपसूक शेवटच्या पानाकडे जायचा. मराठी अक्षरं डावीकडून उजवीकडे नीट चालायची, पण सुरुवात मात्र मागच्या पुठ्ठ्यापासून. आम्ही पोरसवदा मास्तर त्यावरून त्यांना छळायचो. ते म्हणायचे, "पन्नाशीचा हात हाय बाबा, इतक्यात वळणार नाय."

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांत आमच्याकडच्या शाळा उर्दूतून मराठीत आल्या. मग भर उन्हाळ्यात मास्तरांना औरंगाबादेत बोलावून निबंध कसा शिकवावा याचं प्रशिक्षण सुरू झालं. शेवटी परीक्षा. जो नापास होईल त्याचा वर्ग जाणार, मग शाळेत शिपाई होऊन घंटा वाजवायची. चाचा बिडकीनहून आले होते आणि मी नवखा त्यांच्या शेजारी बसायचो. बोलण्यातली मराठी त्यांची माझ्याहून गोड. लिहिताना मात्र घाम फुटायचा.

शिकवणारे साहेब ठरीव सुरुवात पाठ करून घेत. 'मानवी जीवनात अमुक गोष्टीला अनन्यसाधारण महत्त्व आहे.' चाचा हळूच पुटपुटायचे, "आन् पोराची बकरी रात्री व्याली, तं ते त्यानं कुठं लिवायचं?" त्यांचं स्वतःचं सूत्र एकच होतं. "जे आपल्याच्यानं लिववत नाय, ते पोरांना लिवायला लावू नये." म्हणून 'माझे घर' हा विषय त्यांनी वर्गात कधीच दिला नव्हता. का, असं विचारलं की ते माठाकडे पाणी प्यायला जायचे.

परीक्षेत नेमका तोच विषय आला. चाचा उठून माठाकडे पाणी पिऊन आले. मग त्यांनी वही उघडली, मागूनच, आणि मान वर न करता लिहीत गेले. मला दिसत होतं, पण त्या माणसाला मधेच थांबवायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर ती वही पुढून उघडली. दोन-तीन पानं उलटली. "एक ओळसुद्धा नाही? नापास." चाचा उठले आणि वही परत घ्यायला पुढे गेले. मी बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण माझा निकाल अजून वाचायचा होता. मी मान खाली घातली.

बाहेर आल्यावर म्हणालो, "चाचा, चला, आत्ता दाखवू साहेबांना."

"राहू द्या मास्तर. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं असतं, तं माझ्यानं उभं राहवलं नसतं." त्यांनी वही माझ्या हातात दिली. "घ्या, पुढून कोरीच हाय."

ते खरं बोलले की माझी लाज झाकली, हे मला आजही ठरवता येत नाही.

परतीच्या मोटारीत बसल्यावर मी शेवटचं पान उघडलं. 'आमच्या घराला दोन दारे होती. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत लोक चालून आले तेव्हा मी पुढच्या दाराने निघालो, भाऊ मागच्या. माझ्या बाजूला कोणी नव्हते.'

उरलेली नोकरी चाचांनी आपल्याच शाळेत घंटा वाजवून काढली. ते गेले, हे मला फार उशिरा कळलं. मी मात्र सदतीस वर्षं निबंध शिकवला. निवृत्त झालो त्या दिवशी ती वही काढली, पुढून उघडली आणि पिवळ्या पडलेल्या पहिल्या पानावर लिहिलं, 'साहेब, वही मागून उघडा.'