काठावरची वीज

मंगळवार, २१ जानेवारी २०२५. पहाटे धुकं. कुळथाची पिठी केली. नारळ पाडणारा आला नाही. संध्याकाळी डाव्या डोळ्याच्या कडेला पुन्हा वीज, तीन वेळा. आभाळ स्वच्छ.

देवबागच्या किशोरीबाई मयेकरांनी मागची पानं चाळली. आठ दिवसांत एकोणीस विजा. चार दिवसांपासून नजरेत काळ्या माश्याही फिरत होत्या. उजवा डोळा लहानपणीच काजूची फांदी लागून गेलेला. उरला तो हाच. साठ वर्षांची रोजनिशी याच डोळ्याने लिहिली होती. कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या, तारीख घाला आणि दिसलं तेवढंच लिहा, वाटलं ते नको. म्हणून 'भीती वाटते' हे शब्द वहीत कुठेच नव्हते.

"आई, आभाळात ढग नाय आनी तुमका वीज दिसता?" सून संचिता भाकरी थापत म्हणाली. "गावच्या राखणदार देवाक नारळ देवया."

"दी. पण उद्या शाळेत डोळ्यांची गाडी येतली, थंय मी जातलंय."

"ती साखरवाल्यांका गो बाय! तुमका खंय साखर?"

"साखर नाय म्हणान डोळो पण नाय काय माका?"

बाजारातल्या डॉक्टरांनी टॉर्च मारून 'वय झालं' म्हटलं होतं. घरात सगळ्यांना ते पटलं होतं. किशोरीबाईंना नाही.

दुसऱ्या दिवशी त्या वही काखोटीला मारून शाळेत गेल्या. गाडीत पांढरं यंत्र होतं आणि त्याच्यापाशी आकांक्षा नावाची मुलगी. तिने आधी बोट टोचून साखर मोजली.

"आजी, तुमची साखर नॉर्मल आहे. हे शिबिर मधुमेहींचंच आहे."

"हे यंत्र काय बघतं?"

"डोळ्याचा पडदा. अगदी कडेपर्यंत, एकाच फोटोत. थेंबसुद्धा घालावे लागत नाहीत."

"कडेपर्यंत ना? मग काढ." किशोरीबाई खुर्चीत बसल्या. "माझ्या यजमानांची रापण होती, किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. जाळं किनाऱ्यावर आलं की ते मधलं बघायचेच नाहीत. आधी काठ. काठाची एक गाठ सुटली की सगळी मासळी तिथूनच जाते. त्या डॉक्टरांनी माझं जाळं मधोमध बघितलं."

"नियम आहे, आजी. मागे रांग आहे."

"रांगेला वाचून दाखवते." त्यांनी वही उघडली. "चौदा जानेवारी, संक्रांत. तिळाचे लाडू. डावा डोळा, बाहेरची कड, वीज दोनदा. पंधरा जानेवारी..."

रांगेतला बाबली ओरडला, "गो चेडवा, काढ तेंचो फोटो! नायतर साठ वर्सांचा वाचतली ती!"

सगळे हसले. आकांक्षाही हसली आणि ऑफिसातली भाषा विसरली. "बसा तर मगे. हनवटी हय ठेवा. हिरवो ठिपको बघा."

हिरवा लखलखाट झाला. यंत्राच्या स्क्रीनवर नारिंगी गोळा उमटला. तो बघून आकांक्षा शिबिराच्या डॉक्टरीणबाईंना हाक मारायला गेली.

डॉक्टरीणबाईंनी फोटोच्या अगदी टोकावर बोट ठेवलं. "इथे पडदा फाटलाय. घोड्याच्या नालासारखा. अजून सुटलेला नाही. आणखी आठवडा गेला असता तर सुटला असता, मग ऑपरेशन, आणि तरी खात्री नाही. आजच कुडाळला जाऊन लेझर करा."

"म्हणजे काठच."

"काठच. आणि या रक्तवाहिन्या बघा, किती बारीक झाल्यात. कधी रक्तदाब मोजलात?"

किशोरीबाईंनी वही बाजूला ठेवली आणि हात पुढे केला. पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर.

मुलगा निलेश बोट तशीच खाडीत टाकून आला आणि त्याने आईला कुडाळला नेलं. फाटीभोवती लेझरचे बारीक ठिपके पडले, जाळ्याला फिरून फिरून घातलेल्या गाठींसारखे. तिन्हीसांजेला त्या परत आल्या तेव्हा डोळ्यापुढे धूसर होतं. त्यांनी वही मागितली.

"आज लिवक व्हया काय?" संचिता कळवळून म्हणाली.

"व्हया. तुका वीज दिसली नाय, ह्याही लिवतलंय."

"लिवा," संचिता डोळे पुसत म्हणाली, "पन माझा नाव घालू नकात."

अक्षरं ओळीवरून खाली घसरली, पण लागली. तारीख घातली. काठ फाटला होता, शिवला, असं लिहिलं. रक्तदाबाचा आकडा लिहिला. मग शेवटची ओळ:

मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवली.