गोरेगावजवळचं मौन आणि शेवंताबाईची बडबड

माझा नवरा सायमन गेला, तेव्हापासून माझी प्रार्थना एकाच शब्दावर अडकलेली : का? उत्तर काही येईना. शेवटी आमच्या नागपूरच्या चर्चमधल्या फादरांनी सुचवलं, गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पुढे सिस्टरांचं छोटंसं साधनागृह आहे, तीन दिवस मौनात बसून या. म्हटलं, बघू. तिथेही देव गप्पच राहिला, तर त्याला आपला रामराम!

डिसेंबरात गेले. नागपूरहून गोंदियाला पॅसेंजरने जाऊ नका, रडतरखडत पोहोचते, एक्स्प्रेस घ्या. गोंदियाहून गोरेगावला एसटी, पुढे ऑटो. "मॅडम, वहाँ तो बात करना मना है," असं सांगून ऑटोवाला स्वतः पोहोचेपर्यंत बोलत राहिला. दोन्ही बाजूंना धान कापलेल्या रिकाम्या बांध्या. माझी पाठ पार मोडली होती.

खोल्या साध्या, गरम पाणी बादलीभर. भाडं ठरलेलं नाही, निघताना पेटीत जमेल ते टाकायचं. मोबाइल सिस्टरांकडे जमा. सकाळी मिस्साची उपासना, मग चॅपेलमध्ये आराधना, मग भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी. मी पवित्र साक्रामेंतासमोर, म्हणजे वेदीवर ठेवलेल्या पवित्र भाकरीसमोर, बसायचे आणि जांभया द्यायचे. देव गप्प, मीही गप्प.

गप्प नव्हती ती फक्त शेवंताबाई, स्वयंपाक करणारी. गावातल्याच शेतकऱ्याची बायको, कपाळावर ठसठशीत कुंकू. मौन पाळायचं पाहुण्यांनी, तिने थोडंच! दुपारी मी तिच्यासोबत तांदूळ निवडायला बसले, की झालं सुरू.

"पोरगा हैदराबादले गेला ना बाई, तवापासून बोलतच नाही. फोन बी उचलत नाही. काऊन असा करते? त्याचा बाप म्हणते, नाव नको काढू त्याचं. मंग मी कोणापाशी बोलू?"

मला उठून जावंसं वाटायचं. अहो, मी माझंच दुःख कसंबसं ओढत आणलंय, त्यात हिचं कुठे घेऊ? पण नियमामुळे 'पुरे' म्हणता येईना आणि थकव्यामुळे उठवेना. बसून राहायचे. रोज तेच गाऱ्हाणं, रोज डोळ्याला पदर.

शेवटच्या दिवशी नाश्त्यानंतर मौन सुटलं. बॅग घेऊन स्वयंपाकघरात गेले. खरं सांगते, मला फार ओशाळल्यासारखं झालं होतं. "शेवंताबाई, तुम्ही एवढं सांगितलंत, पण तुमच्या पोराबद्दल काय बोलावं, मला काही सुचत नाही हो."

तिने पळी खाली ठेवली. "तुमाले कायले सुचावं? मी तं नुसती बोलून राहिली होती. तुमी उठून नाही गेल्या, थेच बस झालं मले."

परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून बसले होते. शीण गेला वगैरे काही नाही, उलट सर्दी घेऊन आले. एवढ्या लांब जाऊन काय मिळालं, असं बहिणीने विचारलं, तर धड सांगता आलं नाही.

सोमवारी ऑफिसला निघायच्या आधी क्रुसापुढे खुर्ची ओढली. गुडघे टेकले नाहीत, दुखतात. 'का' विचारलं नाही. सायमनच्या शर्टांचं काय करू कळत नाही, एकटीपुरती कढी करायला जीव होत नाही, तुझा तर भयंकर राग येतो, असं सगळं बोलत बसले, रडले. तो काही बोलला नाही. उठूनही गेला नाही.