कापूस पडून हात जात नाही

संशय घेणं माह्या रक्तातच आहे. दुकानदार हसून बोलला, की मले त्याचा काटा तपासावासा वाटते. लगन होऊन पांढुर्ण्याहून सौंसरजवळच्या या घरात आली, तेव्हा सासूबाई म्हणत, ही पोरगी पोलीस खात्यात पाहिजे होती. मले त्याचा अभिमानच होता, खोटं काहून बोलू? घर, वावर, मजूर, सगळं माह्याच शब्दावर चाले.

त्या दिवशी कापूस भरणं चालू होतं. ट्रॉलीवर गडी गठ्ठे रचत होता अन भाऊजी, म्हणजे आमच्या ह्याईचे लहाने भाऊ, खालून देत होते. पायानं दाबून दाबून भरलेला एक गठ्ठा वरून घसरला अन भाऊजीच्या उजव्या खांद्यावर पडला. मान एकीकडे गेली, खांदा एकीकडे. ते बसले, उठले अन म्हणे, हात उचलूनच नाही राहिला. रक्त नाही, साधं खरचटणं नाही. सौंसरले खांद्याचा एक्स-रे काढला, तं हाड साबूत. आता सांगा, कापूस पडून कोणाचा हात जाते का? मी पांढुर्ण्याची. तिथल्या जत्रेत माणसं एकमेकाईले गोटे मारतात, त्या गोट्यानं फुटलेली डोकी लहानपणापासून पाहिली. कापसानं मोडलेला माणूस एकही नाही पाहिला.

त्यात भाऊजी पहिलेपासूनच अंगचोर. वेचणी आली की त्याईची कंबर धरे, संत्र्याची तोड आली की ताप चढे. अन सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याईची बोटं चालत. हात खांद्यापासून लटकलेला, कोपर वाकत नाही, पण मांडीवर मोबाईल ठेवून त्याच हाताच्या बोटाईनं टकटक चालू. म्हटलं, वा रे वा, हात गेला अन बोटं राहिली? मले तं चोर रंगेहात सापडल्यावानी झालं.

सौंसरच्या डॉक्टरनं मात्र चिठ्ठी लिहून देल्ली होती. भाऊजी तेव्हा बाहेर बाकावर बसले होते, आत मी एकटीच. डॉक्टर म्हणे, हाड ठीक आहे, पण मानेतून हातात उतरणाऱ्या नसा ओढल्या गेल्या असतील, नागपूरले नसाच्या डॉक्टरले दाखवा, उशीर नका करू. मले त्याचाही संशय आला. पेशंट तिकडे पाठवला, की याले काही तरी मिळत असन. घरी ह्याईनं विचारलं, काय म्हणे डॉक्टर? मी म्हटलं, हाड साबूत आहे म्हणे. खोटं नव्हतंच ते. चिठ्ठी तेवढी पिशवीतच राहू देल्ली.

मग जवळच्या रामाकोना गावचा एक मालीशवाला बोलावला. तो म्हणे नस दबली, तेलानं सुटन. महिन्यामागून महिने गेले. खांद्याचं मांस बसलं, दंड वाळत चालला. मी म्हटलं, वापरच नाही, तं वाळनच. पोळी वाढतानाही टोमणा मारल्याशिवाय मले चैन पडत नव्हतं. भाऊजी डाव्या हातानं जेवत अन खाली पाहत. मले वाटे, सोंग उघडं पडलं म्हणून लाजून राहिले.

अकरावा महिना लागला अन मी ठरवलं, आज याचा निकाल लावायचाच. रुईचं पान अन तापलेली वीट, हा शेक आमच्याकडे घरोघरी चालते. वीट फडक्यात गुंडाळायची, पहिले आपल्या मनगटाले लावून पाहायची, मगच दुसऱ्याले लावायची. मी मनगटाले लावली. माह्यानं क्षणभर नाही सोसवली. अन तरी तीच वीट, मधात पान ठेवून, मी त्याईच्या दंडाले बाहेरून टेकवली. म्हटलं, आता ओरडतीन.

भाऊजी मोबाईलवर काही पाहून राहिले होते. पान काळं पडलं. वास यायले लागला. मी त्याईच्या तोंडाकडे पाहतच होती. त्याईनं मान वळवली अन शांतपणे विचारलं, "झालं का वैनी?"

वीट माह्या हातून सुटली. पान उचललं, तं खालची कातडी फोडासारखी टरारून आली होती. इतकी लाज मले जन्मात वाटली नव्हती, अन भीती त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं नागपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरनं सुया टोचून हात तपासला अन समजावून सांगतलं. वरच्या दोन नसा मानेपासूनच तुटल्या, खालच्या साबूत आहेत, म्हणून बोटं चालतात अन कोपर वाकत नाही. बोटाकडच्या चांगल्या नसेतला एक धागा काढून दंडाच्या मांसाले जोडता येते, हात पुन्हा तोंडापर्यंत जाते. पण हे सहा महिन्याच्या आत करावं लागते. त्यानंतर मांस वाळते, मग नस जोडूनही जागं होईन याचा भरवसा नाही. तरी करून पाहू, म्हणे. ऑपरेशन झालं, त्याले आता सव्वा वर्ष लोटलं. दंड जरासा थरथरते, घास काही वर येत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी एक शिकाऊ डॉक्टरीण कागद घेऊन खाटेपाशी आली. असे पेशंट इतक्या उशिरा काहून येतात, यावर तिचं संशोधन चालू होतं. मले तिचाही संशय आलाच. उद्या काही बिघडलं, तं याच कागदावर बोट ठेवून आमच्यावर ढकलतीन. ती एकेक विचारत गेली, कोणता हात, मार कसा लागला. मग म्हणे, इथे यायले अकरा महिने काहून लागले?

भाऊजी म्हणाले, "आमाले कोणी सांगतलंच नाही, मॅडम. वैनीनं तं लय केलं माह्यासाठी. मालीश, शेक, सगळं."

ती लिहायले लागली. मी गप्प बसली असती तरी कोणाले काही कळलं नसतं.

"खोडा ते," मी म्हटलं. "सांगतलं होतं. पहिल्याच आठवड्यात मले सांगतलं होतं. मीच घरी नाही सांगतलं."

तिनं विचारलं, काहून?

"मले वाटलं, ते सोंग करून राहिले."

तिचा पेन थांबला. माह्याकडे न पाहता भाऊजीनं विचारलं, "अन तो शेक, वैनी?"

"तुमी ओरडता का ते पाहायले."

त्याईनं डाव्या हातानं चादर ओढली अन तो दंड माह्यापासून झाकून घेतला.